हॉट रॉड गाडी आणि चाकांचें प्रमाण

श्रोतेहो, आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटेल. सारा जन्म मुलांना त्रैराशिक आणि वर्तुळाचा परीघ शिकविण्यांत घालविलेल्या एका शाळामास्तरानें अमेरिकेंतील हौशी लोकांच्या मोटारगाड्यांविषयीं बोलावें, हें वरवर पाहतां विपरीत दिसतें खरें. परंतु तीन वर्षांपूर्वीं माझ्या भाच्याकडे कॅलिफोर्नियांत चार महिने राहण्याचा मला योग आला, आणि तेथें ज्या गोष्टीनें त्याची झोंप उडविली होती ती गोष्ट शेवटीं त्रैराशिकाचीच निघाली. चाकाचा व्यास, टायरची जाडी आणि गाडीची ठेवण यांचा मेळ कसा बसतो व न बसल्यास काय होतें, हें मीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें. तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम हॉट रॉड म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. जुनी, साधी, बहुधा फोर्ड कंपनीची गाडी घ्यावयाची. तिचे मडगार्ड, पायऱ्या वगैरे जें जें काढण्यासारखें असेल तें काढून टाकावयाचें. इंजिन अधिक जोराचें करावयाचें. आणि ती स्वतःच्या हातानें, स्वतःच्या मनाप्रमाणें पुन्हां उभी करावयाची. अशा गाडीला तिकडे हॉट रॉड म्हणतात. हा शब्द १९४० नंतरच्या दशकांत रूढ झाला. परंतु छंद त्याच्या आधींचा आहे. लॉस एंजेलीसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटांत म्युरॉक, एल मिराज अशीं कोरडीं सरोवरें आहेत. पाणी आटून गेलेली ती सपाट, कठीण भूमि म्हणजे निसर्गानेंच बांधलेलें शर्यतीचें मैदान. तेथें तरुण मंडळी आपल्या गाड्या पळवून त्यांचा वेग मोजून घेत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापिली. १९४८ च्या जानेवारींत ‘हॉट रॉड’ ह्याच नांवाचें मासिक निघालें आणि हा प्रांतिक छंद सर्व देशांत पसरला. अमेरिकेच्या टपाल खात्यानें २०१४ सालीं अशा गाड्यांचीं चित्रें असलेलीं तिकिटेंही काढलीं.

ह्या सर्व गाड्यांत १९३२ सालच्या फोर्डला मान मोठा आहे. त्या वर्षीं फोर्डनें सामान्य माणसास परवडेल अशा गाडींत आठ नळकांड्यांचें, २२१ घन इंचांचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन घातलें. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर १०६ इंच होतें. हा आंकडा आपण ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तो आपल्याला लागणार आहे.

आतां चाकांकडे वळूं. बैलगाडीचें चाक आपणांपैकीं वडीलधाऱ्यांनीं तरी जवळून पाहिलेलें असतें. त्याचा तुंबा, त्याचे आरे आणि त्याची लोखंडी धांव यांचें एकमेकांशीं असलेलें प्रमाण सुताराच्या कित्येक पिढ्यांनीं ठरविलेलें असल्यामुळें तें डोळ्याला कधीं खुपत नाहीं. हॉट रॉड बांधणाऱ्याला अशी परंपरा आयती मिळत नाहीं. त्याच्यापुढें शेंकडों मापांचे टायर व रिमा असतात, आणि मडगार्ड काढून टाकल्यामुळें चारही चाकें उघडीं पडलेलीं असतात. झांकलेल्या गाडींत जी चूक लपून जाते, ती येथें दहा हातांवरून दिसते.

चाक पाहतांना तीन मापें निरनिराळीं पाहावीं लागतात. पहिलें, टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास. दुसरें, त्या व्यासांत रिमेचा वाटा किती आणि रबराचा किती हें. तिसरें, टायरची रुंदी. नवखा मनुष्य बहुधा फक्त रिमेचा आंकडा पाहतो. सोळा इंची, अठरा इंची, वीस इंची असें तो म्हणतो आणि आंकडा मोठा म्हणजे चाक मोठें असें समजतो. सर्व घोंटाळ्याचें मूळ येथें आहे.

हें फोर्डच्याच उदाहरणानें स्पष्ट होईल. जुन्या पद्धतींत टायरवर ६.००-१६ असें माप लिहिलेलें असे. याचा अर्थ टायरची रुंदी ६ इंच आणि रिमेचा व्यास १६ इंच. त्या काळच्या टायरची उंची रुंदीइतकीच धरली तर चालत असे. म्हणून बाहेरचा व्यास म्हणजे १६ अधिक ६ अधिक ६, सुमारें २८ इंच. आतां फोर्डच्या गाड्यांचीं मापें क्रमानें घ्या. १९२८ सालीं रिम २१ इंच व टायर ४.५०, बेरीज ३०. १९३० सालीं रिम १९ व टायर ४.७५, बेरीज २८.५. १९३२ सालीं रिम १८ व टायर ५.२५, बेरीज पुन्हां २८.५. १९३३ सालीं १७ व ५.५०, बेरीज २८. १९३५ सालीं १६ व ६.००, बेरीज २८. एकवीस इंचांची रिम सात वर्षांत सोळांवर आली, पण बाहेरचा व्यास तीसच्या खालीं येऊन अठ्ठावीसच्या आसपासच थांबला. रिम लहान होत गेली तसतसें रबर वाढत गेलें. चाक लहान झालें असें म्हणणारा मनुष्य रिमेकडे पाहत असतो. रस्त्याचा संबंध मात्र बाहेरच्या व्यासाशीं असतो.

आजचा टायर आपलें माप निराळ्या लिपींत सांगतो. समजा, त्यावर २३५/७५ आर १५ असें लिहिलें आहे. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा आंकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती आहे तें सांगतो. ‘आर’ हें अक्षर रेडियल बांधणीचें, आणि शेवटचा आंकडा रिमेच्या व्यासाचा, तो मात्र इंचांत. म्हणजे २३५ चे शेंकडा ७५ काढले कीं १७६ मिलिमीटर भिंत झाली. ती दोन बाजूंची, म्हणून ३५२ मिलिमीटर. पंचवीस अंश चार यांनीं भागले म्हणजे १३.९ इंच, त्यांत १५ मिळविले कीं बाहेरचा व्यास २८.९ इंच. इयत्ता सातवींतील मुलाला हा हिशेब अवघड नाहीं. पण दुकानांत पैसे मोजण्यापूर्वीं तो करणारे थोडे.

माझा भाचा अनंता इंजिनियर आहे, तरी त्यानेंही तो केला नव्हता. रिव्हरसाइड ह्या गांवीं आपल्या घराच्या गॅरेजमध्यें त्यानें दोन वर्षें खपून १९३२ च्या धर्तीची एक उघडी रोडस्टर उभी केली होती. सहा महिन्यांची शिल्लक घालून त्यानें तिला चकचकीत चाकें आणलीं. पुढें १८ इंची रिमेवर २२५/४० आणि मागें २० इंची रिमेवर २५५/३५. चाकें बसवून झाल्यावर तो मला बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, तुम्हीच पाहा. एवढीं मोठीं चाकें घातलीं, आणि गाडी खुजी कां दिसते?”

मीं गाडीभोवतीं एक फेरी मारली. मला गाड्यांतलें कांहीं कळत नव्हतें, पण धड सिंहाचें आणि पाय मांजराचे असें कांहीं तरी वाटलें खरें. मीं त्याला म्हटलें, “अरे, कागद आण.” आम्हीं हिशेब मांडला. पुढच्या चाकाचा बाहेरचा व्यास निघाला २५.१ इंच आणि मागच्याचा २७. मूळ गाडीचीं चारही चाकें २८.५ इंचांचीं. म्हणजे ‘मोठीं’ म्हणून आणलेलीं चाकें मुळांतल्या चाकांहून लहान होतीं! मोठी होती ती फक्त रिम. मूळ चाकांत रिमेचा वाटा शेंकडा ६३ होता; नव्यांत तो ७२ ते ७४ झाला होता. रबराची भिंत अवघी साडेतीन इंच राहिल्यामुळें रुंद पोलादी चकतीला काळी फीत गुंडाळावी तसे ते टायर दिसत होते.

येथें कोणी विचारील कीं, त्याहून जुन्या मॉडेल टी फोर्डलाही रबर पातळच नव्हतें काय? होतें. तिच्या पुढच्या टायरवर ३० गुणिले ३ असें माप असे. म्हणजे बाहेरचा व्यास ३० इंच आणि रबर तीन इंच. रिमेचा वाटा तेथें शेंकडा ८०. परंतु त्या टायरची रुंदीही तीनच इंच होती. जितकी रुंदी तितकीच उंची, म्हणून त्याचा छेद वाटोळा व डोळ्यास समाधान देणारा होता. अनंताच्या टायरची रुंदी जवळजवळ नऊ इंच आणि उंची साडेतीन. म्हणून तीन मापें एकत्र पाहावीं लागतात, असें मीं आरंभीं म्हटलें.

मागचीं चाकें मोठीं व पुढचीं लहान ठेवण्याची चाल ह्या गाड्यांत कां पडली, हेंही येथेंच सांगतों. ती नुसती शोभा नव्हती. कोरड्या सरोवरावर धांवतांना इंजिन आपल्या शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोंचलें कीं वेग वाढणें थांबतें. मागचें चाक मोठें केलें तर इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी अधिक जमीन आक्रमिते. एक मैल म्हणजे ६३,३६० इंच. मिनिटाला एक मैल, म्हणजे तासाला साठ मैल ह्या वेगानें २८.५ इंचांच्या चाकाला मिनिटांत ७०७ फेऱ्या घ्याव्या लागतात. ३१ इंचांच्या चाकाला ६५०. मागल्या आंसांतील दांत्यांचें प्रमाण ३.७८ धरलें, तर इंजिनाच्या फेऱ्या पहिल्या चाकानें २,६७४ आणि दुसऱ्यानें २,४५८ होतात. दांते न बदलतां नुसतें चाक बदलून इतका लाभ होत असे. पुढच्या चाकांना ओढण्याचें काम नसल्यामुळें तीं लहान, हलकीं व अरुंद ठेवलीं म्हणजे वजन व वारा दोन्हीही कमी. पुढें ५.५०-१६ आणि मागें ७.५०-१६ अशी जोडी घातली कीं व्यास २७ आणि ३१ इंच होतात, व गाडी धांवण्याच्या पवित्र्यांत किंचित पुढें झुकलेली दिसते. उपयोगांतून आलेलें हें रूप पुढें सौंदर्याचें माप होऊन बसलें.

आतां अनंताच्या गाडीकडे परत येऊं. हिशेब पाहूनही त्याचें समाधान झालें नाहीं. चाकें परत घेण्यास दुकानदार तयार नव्हता. तेव्हां गाडीचा मागचा भाग उंच केला म्हणजे तो पवित्रा साधेल, अशी त्यानें युक्ति काढली, आणि मागल्या स्प्रिंगला लांब शॅकल लावून मागील बाजू तीन इंच वर उचलली. दिसण्यांत थोडा फरक पडला. पण पुढच्या रविवारीं तो आणि त्याची पत्नी त्या गाडींतून फिरावयास गेलीं, तीं तासाभरांत पांढऱ्या चेहऱ्यांनीं परत आलीं. पन्नास मैलांच्या वेगावर गाडी आपोआप डावीउजवीकडे भटकूं लागली होती, आणि एका मालगाडीवजा ट्रकच्या बाजूस ती इतकी सरकली कीं माझी भाचेसून घरीं येईपर्यंत एक शब्दही बोलूं शकली नाहीं. त्या रात्रीं ती मला एवढेंच म्हणाली, “मामा, त्यांना सांगा, ती गाडी विकून टाका म्हणावं.”

दुसऱ्या दिवशीं शेजारचे एक गृहस्थ आले. सत्तरी उलटलेले, साऱ्या जन्मांत आठ-दहा अशा गाड्या बांधलेले. त्यांनीं गाडी पाहिली, मागच्या शॅकलवर बोट ठेवलें आणि पुढच्या आंसाकडे बोट दाखविलें. कारण त्यांनीं सांगितलें तें असें. सायकलचा पुढचा चिमटा आपण पाहिला आहे. तो उभा नसून मागें कललेला असतो. त्यामुळें ज्या रेषेभोवतीं चाक वळतें ती रेषा जमिनीला चाकाच्या टेंकण्याच्या जागेच्या पुढें मिळते, आणि चाक तिच्यामागें ओढलें जाऊन आपोआप सरळ राहतें. म्हणूनच मुलांना हात सोडून सायकल चालवितां येते. मोटारीच्या पुढच्या आंसालाही असा कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. अनंतानें तो पांच अंशांचा ठेवला होता. पण गाडीचा सांगाडा मागून उचलला कीं पुढचा आंस त्याच्याबरोबर पुढें झुकतो, आणि सांगाडा जितके अंश कलला तितके अंश कॅस्टरमधून वजा होतात.

ही वजाबाकी आम्हीं लगेच केली. मागल्या व पुढल्या चाकांच्या त्रिज्यांतला फरक ०.९५ इंच, त्यांत शॅकलचे तीन इंच, एकूण ३.९५. आंसांतील अंतर १०६ इंच. एकाला दुसऱ्यानें भागून कोन काढला तर तो दोन अंशांहून थोडा अधिक येतो. पांचांतून दोन गेले. कॅस्टर तीन अंशांच्याही खालीं उतरला. जी गाडी सरळ जाण्याला बांधली होती, तिची सरळ जाण्याची संवयच त्यानें एका पान्यानें काढून घेतली होती. रूपाची चूक झांकण्यासाठीं केलेला हा उपाय दोन जिवांवर बेतला होता.

त्या वृद्ध गृहस्थांची चाकें निवडण्याची रीत मला फार आवडली, कारण ती अगदीं शाळेंतली होती. प्रथम त्यांनीं खर्ड्याचा मोठा कागद, दोरी आणि खडू मागविला. २५, २६, २७, २९ आणि ३० इंच व्यासांचीं वर्तुळें काढून तीं कापलीं. प्रत्येकाच्या आंत रिमेएवढें दुसरें वर्तुळ काढून तें उजळ ठेवलें आणि भोंवतालचा रबराचा भाग काळा रंगविला. मग गाडी ओंडक्यांवर जोखून उभी केली, खरीं चाकें काढलीं आणि हीं कागदी चाकें आंसांपाशीं लावून चाळीस पावलांवरून पाहिलीं. गाडी पाहतांना नजर प्रथम चाकांवरच जाऊन बसली तर चाकें चुकलीं असें समजावें, असा त्यांचा नियम होता. चार दिवसांत पैसाही खर्च न होतां पांच जोड्या पाहून झाल्या.

शेवटीं जी जोडी ठरली ती अशी. पुढें १६५/८० आर १५ आणि मागें २३५/७५ आर १५. रिमा साध्या पोलादी. व्यास २५.४ व २८.९ इंच, म्हणजे साडेतीन इंचांचा फरक. पुढच्या चाकाचा व्यास पूर्वीइतकाच राहिला हें ध्यानांत घ्या. पण रबराची भिंत साडेतीन इंचांची सव्वापांच इंच झाली आणि रिमेचा वाटा ७२ वरून ५९ वर आला. तेवढ्यानेंच तें चाक निराळें दिसूं लागलें. मागल्या चाकाचा व्यास मूळ गाडीच्या चाकाच्या जवळ असल्यामुळें वेगदर्शक कांटाही जवळजवळ खरें बोलूं लागला. हा कांटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, जमीन मोजीत नाहीं. मूळ २८.५ इंचांच्या चाकासाठीं जुळविलेल्या गाडीला ३१ इंचांचीं चाकें घातलीं, तर कांटा ६० दाखवीत असतां गाडी ६५ च्या वेगानें धांवत असते, आणि चालकास तें कळतही नाहीं.

रुंदीचा प्रश्न वेगळा. अनंताचे पुढचे टायर रुंद असल्यामुळें वळतांना ते आंस धरून ठेवणाऱ्या दांड्यांना घासत, आणि आंतल्या कडेवर तशा खुणाही उमटल्या होत्या. नवा टायर साडेसहा इंचांचा. त्यामुळें आंतल्या बाजूस सुमारें सव्वा इंच जागा मोकळी झाली. पण केवळ रुंदी पाहून भागत नाहीं. रिमेच्या रुंदीच्या मापांत एक मेख आहे. सात इंची रिम म्हणजे टायरच्या कडा जेथें बसतात त्या दोन जागांतलें अंतर सात इंच. रिमेच्या ओठांसकट ती बाहेरून सुमारें आठ इंच भरते. आतां चाक पालथें घालून त्यावर आडवी पट्टी ठेवा, आणि पट्टीपासून चाक ज्या बैठकीनें आंसाला टेंकतें त्या बैठकीपर्यंतचें अंतर मोजा. ह्याला बॅकस्पेसिंग म्हणतात. आठ इंचांत तें चार आलें तर बैठक बरोबर मध्यावर आहे. पांच आलें तर चाक एक इंच आंत ओढलें जाईल आणि दांड्यांना लागेल. तीन आलें तर तें एक इंच बाहेर येईल, सुकाणू जड होईल आणि बेअरिंगांवर ओझें पडेल. सारखाच व्यास, सारखीच रुंदी, तरीही एक चाक बसेल आणि दुसरें घासेल, तें ह्या एका मापामुळें.

आणखी दोन सूचना त्या गृहस्थांनीं केल्या. टायरवर त्याची वजन पेलण्याची शक्ति सांगणारा आंकडा असतो. गाडी काट्यावर घालून प्रत्येक आंसावरचें वजन पाहावें आणि मगच टायर घ्यावा. दुसरी सूचना अशी कीं, हौशी गाडी वर्षांतून थोडी धांवते, म्हणून टायर झिजत नाहीं, पण रबर न वापरतांही जुनें होतें. टायरच्या बाजूस चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ३२१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत झालेला. नक्षी नवी दिसते म्हणून त्यावर विश्वास ठेवूं नये.

रंगाचीही गंमत असते. उजळ रिम आहे त्याहून मोठी दिसते, काळी रिम लहान. टायरला रुंद पांढरा पट्टा असला कीं रबर त्यांत विरघळून जातें आणि चाक बारीक भासतें. अनंतानें आपल्या पोलादी रिमा गडद तांबड्या रंगविल्या आणि टायर संपूर्ण काळे ठेवले. मापें आधीं ठरलेलीं असल्यामुळें रंग निवडण्यास त्याला एक संध्याकाळ पुरली.

लांब शॅकल काढून टाकले. नवीं चाकें बसवून, पेट्रोल भरून, दोन माणसांचें वजन आंत ठेवून, गाडी आपल्या टायरांवर उभी असतां मग कॅस्टर पुन्हां मापला. त्रिज्यांतल्या पावणेदोन इंचांच्या फरकानें सांगाडा जवळजवळ एक अंश पुढें कलला होता. तेवढा भरून काढून दांड्या जुळविल्या आणि कॅस्टर सहा अंशांवर आणला. हीं मापें चाकें बसविण्यापूर्वीं घेतलीं तर तीं कागदावर बरोबर आणि रस्त्यावर चूक ठरतात. त्यानंतरच्या रविवारीं प्रथम ते वृद्ध गृहस्थ आणि अनंता गेले. मग अनंता एकटा गेला. आणि तिसऱ्या रविवारीं माझी भाचेसून स्वतः होऊन गाडींत बसली. त्या दिवशीं मागच्या जागेअभावीं मला मात्र घरींच राहावें लागलें. पहिलीं चकचकीत चाकें निम्म्याहून कमी किंमतींत विकावीं लागलीं, ती ह्या शिक्षणाची फी.

श्रोतेहो, आपल्या देशांत असा छंद फारसा नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं न जुळणारे फेरफार गाडींत करण्यास मनाई करतें, हेंही लक्षांत ठेवावें. परंतु टायर बदलण्याचा प्रसंग प्रत्येक गाडीवाल्या घरांत येतो, आणि घरांतला तरुण मुलगा ‘जरा मोठीं चाकें घालूं या’ असें म्हणतोच. तेव्हां त्याला रागावूं नये. कागद व पेन्सिल द्यावी. गाडीला १८५/६५ आर १५ असे टायर असतील तर त्यांचा बाहेरचा व्यास साडेचोवीस इंच येतो. १९५/५५ आर १६ चा हिशेब केला तर तोही २४.४ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढाच. रिम एक इंचानें वाढली, पण रबर तितकेंच घटलें. कांट्याचें खरेंपण टिकलें. आतां त्याच सोळा इंची रिमेवर २०५/६५ घातला तर व्यास साडेसव्वीस इंच होतो, म्हणजे दोन इंचांनीं वाढतो. कांटा शेंकडा आठ कमी दाखवितो, आणि वळणावर टायर चाकाच्या खोबणीला लागण्याची भीति असते. मूळ मापाशीं जुळणारें आणि गाडी करणाऱ्यांनीं आपल्या पुस्तिकेंत मान्य केलेलें मापच घ्यावें. खांचाखळग्यांच्या रस्त्यावर पातळ रबराची रिम वांकते, हा अनुभव पुष्कळांनीं घेतला असेलच.

अनंताच्या गॅरेजच्या भिंतीवर तीं कागदी वर्तुळें अजून लटकलेलीं आहेत. त्यानें अलीकडे मला पत्रानें कळविलें आहे कीं, त्याच्या गल्लींतला एक सतरा वर्षांचा मुलगा आपली पहिली गाडी बांधावयास निघाला आहे, आणि चाकें विकत घेण्यापूर्वीं तो तीं वर्तुळें मागून घेऊन गेला.